उतारावरची किसी

झाक्रोनं हातातली ओली काडी सपकन इमेदाच्या बोटांवर ओढली आणि इमेदाच्या हातातली कात्री चिखलात पडली.

"उचल."

इमेदानं कात्री उचलली. फेब्रुवारी नुकताच लागला होता. डोंगरावरचं वारं बर्फाची धार घेऊन उतारावरून खाली अलाझानी नदीकडे चाललं होतं. बोटं आधीच बधिर होती, त्यामुळे फटका लगेच कळला नाही. जरा वेळानं नखांच्या मुळाशी ठणका सुरू झाला.

"आता सांग, ही कोण?" झाक्रोनं समोरच्या द्राक्षवेलाच्या खोडाला बुटाचं टोक लावलं.

"किसी."

काडी मानेवर बसली.

"रकात्सितेली आहे ही! काडी बघ हिची, लालभडक. किसीची काडी पिवळट. हिला आखूड छाटायची, किसीला लांब ठेवायची. किसी आखूड छाटलीस की वर्षभर नुसता पाला देते, घड नाही. चार महिने माझ्या घरात गिळतोयस आणि दोन वेल ओळखता येईनात तुला?"

पलीकडच्या ओळीत काड्यांच्या मोळ्या बांधणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. त्यातली एक ओरडली, "झाक्रो, जावई आहे तो तुझा, बैल नव्हे!"

"बैल असता तर एव्हाना शिकला असता," झाक्रो म्हणाला.

बायका खदखदून हसल्या. इमेदाचा हात नकळत कमरेच्या चाकूकडे गेला होता. तो त्यानं तिथून काढून घेतला आणि पुढच्या वेलापाशी वाकला.

इमेदा वरच्या डोंगरातला, तुश लोकांपैकी. बापजाद्यांनी मेंढ्याच राखलेल्या. दोन वर्षांपूर्वी कळप खाली आणताना खिंडीत बर्फाचा कडा सुटला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तीनशे मेंढ्या आणि सख्खा भाऊ दरीत गेले. भावाचं प्रेत उन्हाळ्यात सापडलं. त्यानंतर इमेदा वर गेला नाही. कोदीसखेवी गावात झाक्रोच्या एकुलत्या एक मुलीशी, मक्वालाशी, त्याचं लग्न झालं आणि तो सासऱ्याच्याच घरात राहिला. घरजावयाला त्या गावात जी किंमत असते तीच त्याला मिळाली. जेवणाच्या टेबलावर दाराजवळची जागा, आणि पेला उचलून एकेकाचं नाव घेताना त्याचं नाव शेवटी, किंवा विसरूनच.

मळा कागदावर गावच्या सामुदायिक शेती संघाचा होता. पण उतारावरचे ते अकराशे वेल लढाईवरून परत आल्यावर झाक्रोनं स्वतःच्या हातानं लावले होते, आणि अडतीस वर्षांत तिथं त्याच्या परवानगीशिवाय कुणी कात्री चालवली नव्हती. आधी सगळी किसीच होती. मग एका वर्षी गारांनी अर्धे वेल फोडून काढले, आणि वरच्या साहेबांनी मोकळ्या जागी रकात्सितेली लावायला लावली. ती दुप्पट पिकते. तेव्हापासून प्रत्येक ओळीत दोन्ही जाती सरमिसळ उभ्या होत्या.

छाटणी संपली, काड्या जाळून झाल्या, आता शेतात फक्त उघडी खोडं आणि तारांवर हातांसारखे आडवे पसरलेले ओलांडे उरले. तरी झाक्रोनं इमेदाला सोडलं नाही. रोज सकाळी तो मक्वालाचा रुमाल त्याच्या डोळ्यांवर घट्ट आवळायचा आणि मानेला धरून त्याला ओळीत ढकलायचा.

"पानं आली की गाढवालाही कळतं. तू लाकूड ओळख. हात लाव. ही कोण?"

चुकलं की फटका. बरोबर आलं की काही नाही, नुसता पुढच्या वेलाकडे धक्का. संध्याकाळी मक्वाला त्याच्या बोटांना चरबी चोळायची.

"एकदा उलटा हात उचल ना," ती म्हणायची.

"तुझा बाप आहे."

"म्हणून काय झालं? मलाही मारायचा. मी एकदा तांब्या फेकून त्याचं कपाळ फोडलं, तेव्हापासून बंद झाला."

एके दुपारी सासू, म्हातारी पेलो, त्याला रांजणघरात घेऊन गेली. तिथं जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण होते. तिनं एकावरची माती खरवडली, दगडी झाकण सरकवलं आणि वाळक्या भोपळ्याचा लांब दांड्याचा डाव आत बुडवला.

"घे. जिच्यापायी मार खातोस ती तोंडात तरी घाल."

द्राक्षं पांढरी, पण सालीबियांसकट मुरलेल्या त्या वाइनचा रंग मधासारखा होता. इमेदाला वाटलं, मधासारखीच गोड असेल. गोडीचा मागमूस नव्हता. आधी पिकल्या नासपतीचा वास नाकात गेला, मग जीभ आवळली गेली, हिरव्या अक्रोडाची साल चावल्यासारखी, आणि गिळल्यावर घशात बराच वेळ ऊब राहिली.

"गोड नाही," तो म्हणाला.

"गोड कशाला हवी? गोड काय, कुणालाही आवडतं. हिच्याशी आधी भांडावं लागतं." म्हातारीनं झाकण बसवलं. "रकात्सितेली कारखान्याला घाल, पाहुण्यांना घाल. ही घरची."

मार्चच्या सुरुवातीला खोडात रस चढला आणि छाटल्या जागांतून थेंब गळू लागले. त्या दिवसांत इमेदाला एक गोष्ट सुचली. कळपात असताना त्याला तीनशे मेंढ्या वेगळ्या ओळखता यायच्या, लांबून, पाठमोऱ्याही. अंगावरच्या खुणा तो कधी बघत नसे. मेंढी उभी कशी राहते, मान कशी टाकते, यावरून तो ओळखायचा. इथं मात्र तो साल चाचपत होता, गाठी मोजत होता. त्यानं ते सोडलं. दोन्ही हातांनी खोड खालून वर एकदाच चाचपायचं, बस. रकात्सितेली एडक्यासारखी ताठ, छाती काढून उभी. किसी वरच्या टोकाला ओलांडा फुटतो तिथं मान वळवते, मागून हाक आल्यासारखी. त्या दिवशी त्यानं डोळे बांधलेले असताना चाळीसपैकी अडतीस बरोबर सांगितले. गारांनी फोडलेली, वेडीवाकडी झालेली खोडं तेवढी त्याला चकवत होती.

दुसऱ्या दिवशी येताना झाक्रोनं आणखी जाड काडी आणली.

त्याच आठवड्यात संघाचा मुकादम तमाझी मळ्यात आला. पस्तिशीचा, कातडी कोट घातलेला, जिल्ह्याच्या ऑफिसात उठबस असलेला माणूस. झाक्रो आणि इमेदा खोडांभोवतीची माती कुदळीनं उकरत होते.

"झाक्रोकाका, वरून हुकूम आलाय," तमाझी म्हणाला. "दारू कमी करायचीय सगळ्या देशात. गावोगावचे मळे काढायचेत. आपल्या वाट्याला ही किसी आलीय. कमी पिकते, कारखाना घेत नाही. रकात्सितेली राहू दे म्हणालेत."

झाक्रो कुदळ मारतच राहिला.

"पाचशे चाळीस वेल. महिनाअखेर तिबिलिसीची माणसं खड्डे मोजायला येणार. तुम्ही नुसते दाखवा कुठले ते, बाकी ट्रॅक्टर बघून घेईल."

"माझ्या बापाला खणून काढ आधी," झाक्रो म्हणाला.

"काका, ही काय तुमची खाजगी—"

झाक्रोनं कुदळ उलटी धरली आणि दांडा आडवा फिरवला. तमाझीच्या जबड्यातून सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसला, तोंडातून रक्त आणि लाळ कोटावर ओघळली, एक दात चिखलात पडला. झाक्रोनं पुन्हा दांडा उचलला. इमेदानं मागून त्याला कवळ घातली. म्हाताऱ्याच्या अंगात इतकी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दोघं एकमेकांसकट चिखलात आपटले आणि झाक्रोनं कोपर मारून त्याचं नाक फोडलं.

"सोड! मेंढक्या, सोड मला! मारू दे त्याला!"

तासाभरात तेलावी शहरातून पोलिसांची जीप आली. झाक्रोला पंधरा दिवसांची कोठडी झाली.

चौथ्या दिवशी तमाझी घरी आला. जबडा डोक्यावरून फडक्यानं बांधलेला, दातांत तारा घातलेल्या. तो ओठ न हलवता बोलत होता, त्यामुळे ऐकायला इमेदाला पुढं झुकावं लागलं.

"तू मला सोडवलंस त्या दिवशी. विसरलो नाही." तो थांबून थुंकी गिळायचा. "ओळखता येते म्हणतात तुला, पानाशिवाय. चुन्यानं खुणा कर. पाचशे चाळीस."

"आणि नाही केल्या तर?"

"तर सगळेच अकराशे काढतो. कागदावर घालता येईल मला. आणि म्हाताऱ्याची केस पंधरा दिवसांवर थांबणार नाही, जबडा मोडलाय माझा." त्यानं खिशातून हात काढून इमेदाच्या खांद्यावर ठेवला. "खुणा केल्यास तर पलीकडच्या कुरणावर संघाच्या दोनशे मेंढ्या आहेत. राखणारा म्हातारा झालाय. वेगळं बिऱ्हाड, वेगळी चूल. किती दिवस कुणाच्या दाराशी बसून जेवणार?"

मक्वाला त्यांच्या पाठीशीच भट्टीतून पाव काढत उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तमाझी गेल्यावर इमेदानं कोपऱ्यातली चुन्याची बादली उचलली, तेव्हा तिनं हातातली लोखंडी सळई त्याच्या पाठीवर घातली. तापलेल्या टोकानं सदरा करपला आणि कातडी चरचरली.

"जा! जा मेंढ्या राखायला! माझ्या बापाला विकून जा!"

तो बादली घेऊन गेला. तिला सांगता आलं असतं, पण काय सांगायचं हे त्याचं त्यालाच अजून माहीत नव्हतं.

मळ्यात पोचल्यावर पहिली किसी लागली, तिच्यावर त्यानं खरंच चुना ओढला. पांढरा पट्टा खोडावरून ओघळत खाली मातीत गेला. दोनशे मेंढ्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या, त्यांचा ओला वास नाकात होता. मानेवर अजून काडीचे वळ होते आणि पाठ भाजत होती. दुसऱ्या किसीला त्यानं सवयीनं दोन्ही हात लावले, खालून वर. वरच्या टोकाला मान वळलेली. तो तसाच हात लावून उभा राहिला. मग मागं येऊन त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पहिल्या खोडावरचा चुना घासून पुसला, वर माती चोळली, आणि शेजारच्या रकात्सितेलीवर पट्टा ओढला.

दोन दिवस तो मळ्यात होता. पाचशे चाळीस पट्टे ओढले, सगळे रकात्सितेलीवर. निदान त्याला तसं वाटत होतं. गारांनी फोडलेल्या खोडांपाशी त्याचा हात अडखळायचा. तिथं तो दोनदा, तीनदा चाचपायचा आणि शेवटी अंदाजानं ठरवायचा. घरी त्यानं कुणाला चकार शब्द सांगितला नाही. पेलोच्या पोटात काही राहत नसे, आणि मक्वालानं ऐकून घेतलंच नसतं. ती त्याच्या पुढ्यात ताटली आपटायची आणि तोंड फिरवायची. गावातली माणसं त्याला बघून रस्त्यावर थुंकत होती.

लोखंडी साखळपट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर सोमवारी सकाळी आला. दोन माणसं खोडाभोवती साखळी आवळायची, हात वर करायची, ट्रॅक्टर धूर सोडत पुढं रेटायचा. आधी तारा झणझणायच्या, मग ओलांडा मोडायचा, मग जमिनीखालून दबका फाटल्याचा आवाज यायचा आणि तीस वर्षांचं मूळ मातीचा गोळा घेऊन बाहेर लोळायचं. तुटल्या मुळांतून पाणी ठिबकत होतं. खांब कलंडत होते. शेजारी उभ्या राहिलेल्या किसीची साल साखळी घासून सोलली जात होती आणि प्रत्येक वेळी इमेदाचे दात आवळले जायचे.

पेलो काठी टेकत उतार चढून आली. ती आधी नुसती बघत उभी राहिली. मग तिनं एक दगड उचलला आणि ट्रॅक्टरची काच फोडली. दुसऱ्या दगडानं साखळीवाल्याचं डोकं फुटलं. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला आणि त्यानं म्हातारीच्या छातीला हात लावून तिला ढकललं. ती उताणी पडली. इमेदानं धावत जाऊन ड्रायव्हरच्या तोंडावर ठोसा मारला. तो खड्ड्यात पडला. मग इमेदानं सासूला उचलून खांद्यावर टाकलं.

"मुडद्या!" ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. "त्याला कशाला मारतोस? खुणा तू केल्यास! हात झडो तुझे!"

तिनं त्याच्या दंडाला असा चावा घेतला की सदऱ्यावर रक्त आलं. तो तिला तसाच घरापर्यंत घेऊन गेला, आत ठेवली, बाहेरून कडी घातली आणि परत मळ्यात आला, कारण खड्डे मोजून तमाझीच्या हातात आकडा द्यायचा होता. मूळ-खोडं ढिगानं खालच्या ओघळीत लोटली गेली. तिबिलिसीची माणसं आली, मोजून गेली, कागदावर सह्या झाल्या. पाचशे चाळीस किसी गेल्या, रकात्सितेली शिल्लक.

झाक्रो सुटला तो सकाळच्या बसनं आला. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले. बसथांब्यावरच लोकांनी त्याला सांगितलं. तो मळ्याकडे वळला नाही. सरळ घरी आला, दाराशेजारच्या खुंटीवरचा कोयता काढला आणि अंगणात लाकूड फोडत असलेल्या इमेदाकडे चालत गेला.

"मामा, आधी वर जाऊन बघा," इमेदा म्हणाला.

कोयता खाली आला. इमेदानं मान काढली म्हणून डोकं वाचलं. डावा कान वरून अर्धा कापला गेला आणि पातं गालातून हनुवटीपर्यंत उतरलं. रक्त गळ्यातून छातीवर आलं. मक्वाला किंचाळत बाहेर धावली. इमेदाच्या उजव्या हातात कुऱ्हाड होती, आणि समोरचा माणूस पासष्ट वर्षांचा, पंधरा दिवस अर्धपोटी. एका घावाचं काम होतं. इमेदानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवून सोडून दिली.

"मारा," तो म्हणाला. "पण आधी वर जाऊन बघा."

दुसऱ्या घावासाठी झाक्रोचा हात वर गेला नाही. जावयाच्या तोंडाकडे तो क्षणभर बघत राहिला, मग कोयता हातात तसाच घेऊन वळला आणि उताराच्या वाटेला लागला.

मक्वालानं नवऱ्याचा कान डोक्यावरच्या रुमालानं दाबून धरला होता. रुमाल भिजला, तिचे हात भिजले. पेलो सुईदोरा घेऊन आली आणि त्याला ओंडक्यावर बसवून गाल शिवू लागली. ती त्याच्या डोळ्यांत बघत नव्हती.

झाक्रो दुपारी परतला. कोयता दिसत नव्हता. दोन्ही हातांत उपटलेल्या तीन-चार खोडांचा भारा होता, ओघळीतून काढलेला. त्यानं तो इमेदाच्या पायांशी टाकला.

"एकतीस," झाक्रो म्हणाला.

कुणाला काही कळेना.

"एकतीस किसी मारल्यास तू. ही बघ. ही. आणि ही गारांतली, हिची मान मोडलेली होती, तरी खाली बुंध्याला हात लावला असतास तर कळलं असतं. एकतीस."

"बाकीच्या?" इमेदानं विचारलं. शिवलेल्या गालामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"बाकीच्या उभ्या आहेत." झाक्रो अंगणातच खाली बसला. भादरलेल्या डोक्यावरून त्यानं दोन्ही तळवे फिरवले. "उभ्या आहेत सगळ्या."

पेलोच्या हातातली सुई तशीच राहिली. मक्वाला आधी बापाकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं इमेदाच्या पाठीवरचा सदरा वर केला, सळईनं भाजल्याची जखम बघितली आणि हुंदका देऊन कपाळ तिथं टेकवलं. तो कळवळला.

"कुणाजवळ बोलायचं नाही," झाक्रो बायकोकडे बोट रोखून म्हणाला. "पेलो, तू तर श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही."

एप्रिलच्या शेवटी पानं आली. मेमध्ये मळा असा भरला की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसावं, आणि तमाझीलाही दिसलं. रकात्सितेलीचे लाल कोंब कुठं कुठंच उरले होते. उतारभर किसीची गोलसर हिरवी पानं हलत होती.

तो दोन माणसं घेऊन आला. एक तो डोकं फुटलेला साखळीवाला, दुसरा ड्रायव्हर. इमेदा एकटाच वरच्या ओळीत नवी फूट तारांना बांधत होता. त्यांनी आधी काही विचारलं नाही. ड्रायव्हरनं मागून पाय मारून त्याला पाडलं आणि तिघांनी लाथा घातल्या, बरगड्यांत, पोटात, पाठीत. इमेदा वाकला, पोटाशी गुडघे घेतले, एकाचा पाय पकडून त्याला पाडलंही, पण तिघांपुढं चाललं नाही. मग त्यांनी त्याला ओढत सिमेंटच्या खांबापाशी नेलं.

"कुठल्या हातानं चुना लावलास?" तमाझीनं विचारलं. त्याचा जबडा वाकडा जुळला होता.

इमेदानं तोंडातलं रक्त थुंकलं.

"उजव्याच हातानं लावला असणार." तमाझीनं हात पुढं केला. साखळीवाल्यानं त्यात हातोडा ठेवला.

दोघांनी इमेदाचा तळवा खांबावर दाबून धरला. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्याला त्याचा आवाज फुटला नाही. तिसऱ्याला बोटं बोटांसारखी राहिली नव्हती.

ओरडणं ऐकून झाक्रो खालच्या ओळीतून धावत आला. हातात कोयता. तमाझी मागं सरला नाही.

"ये, काका. मार." त्यानं हातोडा टाकून दिला. "कागदावर माझी सही आहे, की किसी गेली. मी बोललो तर माझी नोकरी जाईल. पण मग हे सगळं पुन्हा मोजायला येतील आणि या वेळी पानं बघून काढतील. तू मला मारलंस तरी तेच होईल. ठरव."

झाक्रोचा कोयता वर होता. मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या. आयुष्यात त्यानं उचललेला हात कधी तसाच खाली आणला नव्हता. बायकोवर नाही, मुलीवर नाही, बैलावर नाही.

"नको, मामा," खांबाच्या बुंध्याशी पडलेला इमेदा म्हणाला. "मोजायला येतील."

वारा आला आणि पानं सळसळली. कोयता हळूहळू खाली आला. तमाझी आणि ती दोन माणसं त्याच्या शेजारून, त्याच्या खांद्याला खांदा घासत, उतारावरून निघून गेली आणि झाक्रो त्यांच्याकडे बघत नुसता उभा राहिला. त्याच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला, खोकल्यासारखा. मग तो वाकला, इमेदाला पाठीवर घेतलं आणि खाली निघाला. वाटेत दोनदा त्याचे गुडघे टेकले.

तेलावीच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली, उरलेली सरळ बांधली. मूठ वळेल असा तो हात राहिला नव्हता. लोकांना घरच्यांनी सांगितलं, ट्रॅक्टरखाली सापडला. लोकांनी मान डोलावली. सगळ्या गावाला सगळं माहीत होतं आणि कुणी काही बोललं नाही. रस्त्यावर थुंकायचे ते आता टोपी काढू लागले.

त्या वर्षी किसी सप्टेंबरच्या शेवटी पिकली. मणी लहान, पातळ सालीचे, उन्हाच्या बाजूनं पिवळे पडलेले. संघाच्या काट्यावर तिचं नाव रकात्सितेली म्हणून लिहिलं गेलं. तमाझी स्वतःच लिहीत होता, वर न बघता. घरच्या वाट्याचे घड गाडीनं अंगणात आले. मक्वालाचं पोट पुढं आलं होतं, तिला टोपल्या उचलता येत नव्हत्या. इमेदा एका हातानं दोन-चार घड उचलायचा, बाकी पेलो.

रांजणघरात अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली लांब डोणी होती. द्राक्षं तिच्यात पायांनी तुडवायची आणि रस खालच्या भोकातून रांजणात जायचा. त्या डोणीत झाक्रोशिवाय कुणी कधी पाय ठेवलेला नव्हता. डोणी भरली. इमेदा दाराशी जाऊन उभा राहिला.

"तिकडं काय उभा राहिलास?" झाक्रो म्हणाला. "बूट काढ."

इमेदानं डाव्या हातानं नाडी सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. झाक्रो पुढं आला, गुडघे कडकडवत खाली बसला आणि त्यानंच नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे ओढले. कोमट पाण्याचं घमेलं सरकवून त्यानं जावयाचा उजवा पाय त्यात घेतला.

"मामा, मी धुतो."

"एका हातानं? गप बस."

त्यानं खरखरीत ब्रश घेतला आणि टाच घासायला लागला. बोटांच्या बेचक्या, नखांखालचा मळ, घोट्याची हाडं. मेंढ्यांमागं डोंगर चढून चढून पडलेल्या भेगांत ब्रशचे केस घुसत होते.

"दुखतंय," इमेदा म्हणाला.

"दुखू दे."

पेलो आणि मक्वाला टोपल्या घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. झाक्रोला त्या दिसल्या, पण त्यानं हात थांबवला नाही. दुसरा पाय धुतला, खांद्यावरच्या टॉवेलनं दोन्ही कोरडे पुसले आणि उठायला म्हणून इमेदाच्याच गुडघ्यावर हात टेकला.

"चढ. हळू तुडवायचं. बी फुटता कामा नये, कडू होते."

इमेदा डोणीत उतरला. पातळ सालीचे मणी तळव्याखाली फुटले आणि गार रस भेगांत शिरून झोंबला. कडेला धरायला त्यानं उजवा हात टाकला, पण ती बोटं वळणारच नव्हती. पाय सरकला. तो पडणार इतक्यात झाक्रोनं मागून त्याचा कमरपट्टा गच्च पकडला.

"तुडव," तो म्हणाला. "मी धरलंय."

भोकातून रसाची पहिली धार रांजणात पडली. इमेदा पाय उचलून टाकत राहिला. डोणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हातारा काठावरून त्याच्याबरोबर चालत होता, पट्टा न सोडता.